मागणी आधी, प्रत नंतर

माझ्या पहिल्या कादंबरीच्या विक्रीचा आकडा नुकताच चार अंकी झाला. ही कादंबरी कोणत्याही प्रकाशनसंस्थेने काढलेली नाही. लेखनापासून संपादनाच्या खर्चापर्यंत आणि मुखपृष्ठाच्या निवडीपासून ती वाचकांपर्यंत पोचवण्यापर्यंतची सारी जबाबदारी मी स्वतः उचलली होती. त्यामुळे या आकड्याने मला जो आनंद दिला, तो मी मोकळेपणाने सांगणार आहे. साहित्यावर प्रेम करणाऱ्या मंडळींमध्ये विक्रीचा विषय निघाला की आवाज थोडा खाली येतो, जणू पुस्तक विकले गेल्याने त्याच्या प्रतिष्ठेला काही उणेपणा येत असावा. मला हा संकोच कधीच पटलेला नाही. ज्या माणसांनी आपल्या कमाईतले पैसे आणि त्याहून मोलाचे असे आयुष्यातले काही तास माझ्या पुस्तकाला दिले, त्यांच्यामुळे झालेला आनंद झाकून ठेवणे हा मला त्यांचाच उपमर्द वाटतो.

या बाबतीत मला इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनचा फार मोठा आधार वाटतो. तिची पहिली प्रकाशित कादंबरी १८११ साली निघाली, तेव्हा मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘एका स्त्रीकडून’ एवढाच उल्लेख होता आणि त्याच पानावर ‘लेखिकेसाठी मुद्रित’ असे स्पष्ट छापलेले होते. म्हणजे कागदाचा, छपाईचा आणि जाहिरातीचा भार तिच्यावर होता. प्रकाशक थॉमस एगर्टन कमिशन घेऊन पुस्तक विकणार होता आणि तोटा झाला असता तर तो तिने सोसायचा होता. तिच्या भावाने पुढे नोंदवून ठेवले आहे की या संभाव्य तोट्यासाठी तिने आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून काही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवली होती. तोटा झालाच नाही. जुलै १८१३ मध्ये आपल्या दुसऱ्या, नौदलात असलेल्या भावाला लिहिलेल्या पत्रात तिने कळवले की त्या कादंबरीची प्रत्येक प्रत विकली गेली असून तिला १४० पौंड मिळाले आहेत. दुसऱ्या कादंबरीचे हक्क तिने एगर्टनलाच ११० पौंडांना विकून टाकले होते. दोन्हींची बेरीज करून, आपण लिहून लिहून अडीचशे पौंडांपर्यंत पोचलो आहोत आणि त्यामुळे आणखी मिळवण्याची ओढच तेवढी वाढली आहे, असे तिने त्या पत्रात लिहिले आहे.

ते पत्र मी अनेकदा वाचले आहे. त्यात संकोच नाही, आणि फुशारकीही नाही. स्वतःच्या श्रमाचे मोल लोकांनी दिले याचे निखळ समाधान आहे आणि त्या समाधानातून पुढच्या लेखनाची भूक जागी झालेली आहे. ज्या कादंबरीचे हक्क तिने एकरकमी विकले, तीच पुढे तिची सर्वांत लोकप्रिय कादंबरी ठरली आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांचा नफा प्रकाशकाकडे गेला. पहिल्या कादंबरीची जोखीम मात्र तिची होती, म्हणून त्या कादंबरीच्या खपलेल्या प्रत्येक प्रतीतला वाटाही तिचाच राहिला. स्वतंत्रपणे पुस्तक काढणाऱ्या लेखकाची अवस्था दोनशे वर्षांनंतरही मुळात हीच आहे. जोखीम ज्याची, हिशेब त्याच्यासमोर उघडा असतो, आणि हिशेब उघडा असल्यामुळे आनंदही थेट त्याच्याच दारात येतो.

मात्र आजच्या स्वतंत्र लेखकाच्या वाट्याला एक गोष्ट अशी आली आहे, जी ऑस्टिनच्या वाट्याला आली नव्हती, आणि माझ्या आनंदाचे मूळ तिथे आहे.

पारंपरिक छपाईत पुस्तक आधी छापले जाते आणि वाचक नंतर शोधला जातो. ऑफसेट पद्धतीत प्लेट तयार करणे, यंत्र जुळवणे, रंग बसवणे हा सुरुवातीचा खर्च मोठा असतो. एकदा यंत्र सुरू झाले की पुढची प्रत स्वस्त पडत जाते, म्हणून एकाच वेळी शेकडो किंवा हजारो प्रती काढाव्या लागतात. किती काढायच्या हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो, आणि तो अंदाज चुकला की गोदाम भरते. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोच्या बाबतीत हे घडले. १८४९ साली त्याचे पहिले पुस्तक एक हजार प्रतींच्या आवृत्तीत निघाले आणि त्याच्या खर्चाची हमी त्याने स्वतः घेतली होती. चार वर्षांनी, जागा अडते म्हणून प्रकाशकाने उरलेल्या ७०६ प्रती त्याच्याकडे परत पाठवल्या. त्या गठ्ठ्यांचे वजन आपल्या पाठीला चांगलेच कळले, दोन जिने चढून ते वर न्यावे लागले, असे त्याने रोजनिशीत लिहिले आणि पुढे जोडले की आता आपल्या ग्रंथसंग्रहात जवळजवळ नऊशे पुस्तके आहेत, त्यांपैकी सातशेहून अधिक आपण स्वतःच लिहिलेली आहेत. ही नोंद लोक गमतीने सांगतात. मला ती वाचताना त्या सातशे सहा प्रतींविषयी फार वाईट वाटते, कारण त्या छापल्या गेल्या तेव्हा त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते.

माझ्या कादंबरीच्या छापील प्रती मागणीनुसार छापल्या जातात. आतली पाने आणि मुखपृष्ठ यांच्या दोन फायली छापखान्याच्या संगणकावर असतात. कोणी प्रत मागवली की डिजिटल यंत्रावर ती एकच प्रत छापली जाते, गरम डिंकाने पाठ चिकटवून बांधली जाते, तिच्या तिन्ही कडा कापल्या जातात आणि ती त्या माणसाच्या पत्त्यावर रवाना होते. एक प्रत काढली काय किंवा शंभर काढल्या काय, प्रत्येक प्रतीचा खर्च जवळपास सारखाच येतो. ऑफसेटच्या मोठ्या आवृत्तीच्या तुलनेत तो बराच अधिक असतो, त्यामुळे लेखकाच्या हातात राहणारा वाटा कमी होतो, आणि कागदाच्या निवडीवरही मर्यादा येतात. हे तोटे खरे आहेत आणि ते मी जाणूनबुजून पत्करले. कारण या पद्धतीत एक सुंदर गोष्ट घडते: माझ्या पुस्तकाची कोणतीही प्रत वाचकाच्या आधी अस्तित्वात येत नाही. कुणाच्या तरी मनात ते वाचण्याची इच्छा आधी उत्पन्न होते आणि त्या इच्छेमुळे प्रत तयार होते. माझ्या समोरचा चार अंकी आकडा ही छापून ठेवलेल्या मालातून कमी झालेली संख्या नाही. तेवढ्या वेळा कोणीतरी, कुठेतरी, हे पुस्तक आपल्याला हवे आहे असे ठरवले आहे. हा विचार मनात आला की मला त्या आकड्याकडे कोरडेपणाने बघताच येत नाही.

विक्री वाढत कशी गेली, हेही सांगण्यासारखे आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ती एकसारखी चढत गेलेली रेषा वाटते. प्रत्यक्षात पहिल्या प्रती आप्तांनी आणि मित्रांनी घेतल्या. त्यांच्या प्रेमाचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही. पण त्या प्रती माझ्यासाठी घेतलेल्या होत्या, कादंबरीसाठी नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. त्यानंतर मोठा खंड पडला. बहुतेक स्वतंत्र लेखकांची उमेद याच काळात ढळते, कारण मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकाला प्रकाशनानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दुकानांतल्या मांडणीचे आणि वृत्तपत्रांतल्या परीक्षणांचे जे पाठबळ असते, ते इथे नसते. पण दुकानातल्या फळीवर जागा मर्यादित असते म्हणून न खपणारे पुस्तक तिथून लवकर उचलले जाते, आणि माझे पुस्तक ऑनलाइन विक्रेत्याच्या ज्या यादीत होते त्या यादीतून ते कोणीच उचलणार नव्हते. स्वतंत्र प्रकाशनात पुस्तकाला घाई नसते, आणि मी त्यावरच भिस्त ठेवली होती.

मग ज्यांना मी ओळखत नव्हते अशा माणसांच्या प्रती दिसू लागल्या. विक्रीच्या तक्त्यात खरेदीदाराचे नाव येत नाही, पण मागणी कोणत्या देशातल्या बाजारपेठेतून आली ते कळते, आणि जिथे माझे एकही ओळखीचे माणूस राहत नाही अशा ठिकाणाहून एक मागणी आली तेव्हा मी तो तक्ता कितीतरी वेळ पाहत राहिले. कोणी सुचवले असेल, कशामुळे त्या माणसाला नमुन्यादाखल दिलेली पहिली पाने वाचावीशी वाटली असतील, याचा माग काढण्याचा मार्ग नव्हता. तोंडी शिफारशीचा माग असा कधी लागत नाही. ती झाल्याचे फक्त परिणामावरून ओळखता येते. त्याच बाजारपेठेतून थोड्याच दिवसांत आणखी मागण्या आल्या, आणि मला वाटले की तिथे कोणीतरी माझ्या वतीने बोलत आहे. लेखकाच्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर पुस्तक गेले, ते मला त्या क्षणी कळले, आणि माझ्या लेखी खरे यश तिथे सुरू झाले. चार अंकी आकडा पुष्कळ नंतर आला.

ई-पुस्तकाच्या बाबतीत आणखी एक तपशील कळतो, आणि तो मला विलक्षण वाटतो. अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेच्या मासिक वर्गणीच्या योजनेत लेखकाला जुलै २०१५ पासून वाचलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे मिळतात; त्याआधी पुस्तकाचा दहावा हिस्सा ओलांडला गेला की ते उचलले गेल्याची नोंद होई आणि पुढे वाचकाने ते पूर्ण केले की सोडून दिले याला काही अर्थ नसे. पानांच्या हिशेबाने मोबदला देण्यावर लेखकांत पुष्कळ वाद झाला आणि तो वाद समजण्यासारखा आहे, कारण लहान पुस्तके लिहिणाऱ्यांचे उत्पन्न त्यामुळे घटले आणि पाने फुगवण्याचा मोहही वाढला. कादंबरीकार म्हणून मला मात्र या पद्धतीने एक अशी गोष्ट दाखवली, जी पूर्वीच्या कोणत्याही लेखकाला दिसली नसेल. आरंभीच्या दिवसांत, इतर वाचक तुरळक असताना, एका दिवसाच्या रकान्यात जवळजवळ माझ्या कादंबरीच्या पानांइतकाच आकडा आला. ते अनेकांचे थोडे थोडे वाचन असू शकते हे मला कळते. तरीही आधीच्या आणि नंतरच्या रकान्यांत जवळपास शून्य असताना, कोणीतरी एका बैठकीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेले असावे असेच मी मानले, आणि अजूनही मानते. लिहिताना ज्या सलगतेसाठी मी धडपडले होते, तिचा इतका थेट दाखला मला दुसऱ्या कुठून मिळाला नसता.

विक्रीच्या क्रमवारीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिला मिळते तेवढे महत्त्व मला देता येत नाही. क्रमवारी एकूण विक्री सांगत नाही. अलीकडच्या काळात इतर पुस्तकांच्या तुलनेत कोणते पुस्तक किती वेगाने खपले, एवढेच ती सांगते, आणि ती सतत बदलत असते. तसेच विक्री म्हणजे मिळकतही नव्हे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने १८४३ साली आपली नाताळची छोटी कादंबरिका स्वखर्चाने काढली. १९ डिसेंबरला निघालेल्या पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आधीच संपल्या, पण रंगीत चित्रे, सोनेरी अक्षरे आणि उंची बांधणी यांचा खर्च इतका झाला होता की हजार पौंडांची आशा धरलेल्या डिकन्सच्या हाती त्यातून २३० पौंडच आले. पुस्तक देखणे असावे आणि सामान्य माणसाला परवडावेही, ही त्याची दोन्ही आग्रहांची सांगड मला आदरणीय वाटते. हिशेबाची वही स्वतः ठेवणाऱ्या लेखकालाच असा निर्णय घेता येतो.

आता वाचकांच्या पत्रांकडे येते. खरे तर याचसाठी हा लेख लिहायला घेतला.

माझी कादंबरी एका नावाड्याच्या कुटुंबाची आहे. नदीवर पूल होतो, सगळ्यांची सोय होते, आणि तीन पिढ्या माणसांना पार नेणाऱ्या त्या घराला आता कोणीही हाक मारत नाही. पूल वाईट आहे असे कादंबरी कुठेही म्हणत नाही. पूल व्हायलाच हवा होता. ज्याची गरज संपली त्या कौशल्याचे माणसाच्या शरीरात पुढे काय होते, हा माझा प्रश्न होता. कथानकात मोठी उलथापालथ नाही, त्यामुळे ही कादंबरी किती जणांना धरून ठेवील याविषयी माझ्या जवळच्या सुजाण वाचकांनाही शंका होती.

एका निवृत्त अभियंत्याने लिहिले की त्यांचे सारे नोकरीचे आयुष्य पूल बांधण्यात गेले आणि उद्घाटनाच्या दिवशी पहिले वाहन पलीकडे गेले की आपले काम संपले असे ते मानत आले. कादंबरी वाचून झाल्यावर त्यांनी आपण बांधलेल्या एका पुलाच्या आधी तिथे कोण होते याची चौकशी केली, आणि त्या माणसाचा मुलगा त्यांना भेटला. त्या भेटीत काय बोलणे झाले ते त्यांनी सविस्तर लिहिले आहे, पण ते त्या दोघांचे आहे, म्हणून इथे देत नाही. माझ्या पुस्तकामुळे दोन अनोळखी माणसे समोरासमोर बसली, एवढे सांगितले तरी पुरे. कादंबरीकाराला याहून मोठी पावती कोणती मिळू शकते, ते मला खरोखर सुचत नाही.

दुसरे पत्र हाताने लिहिलेले होते आणि त्यात फक्त नावाड्याच्या बायकोविषयी मजकूर होता. ही बाई कादंबरीत फार थोडी बोलते. रोज संध्याकाळी ती दिवसाची नाणी मोजते, आणि पूल झाल्यानंतरही मोजण्याची वेळ झाली की तिचे हात काही काळ रिकामे राहतात, असा एक लहानसा प्रसंग आहे. ज्या पुराच्या प्रकरणावर मी सर्वाधिक श्रम घेतले, ज्याच्यासाठी नद्यांच्या प्रवाहाविषयी आणि नावेच्या तोलाविषयी मी जाणकारांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, त्याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. या रिकाम्या हातांचा उल्लेख मात्र निम्म्याहून अधिक पत्रांत आला आहे. हाताने लिहिलेल्या पत्रातल्या बाईंनी म्हटले होते की नोकरी सुटल्यापासून त्यांना सकाळी ठरावीक वेळी उगाचच उठून बसावेसे वाटते, आणि आपल्याला काही झाले आहे असे त्यांना वाटत होते. त्या प्रसंगानंतर तसे वाटेनासे झाले. मी तो प्रसंग लिहिला तेव्हा माझ्यासमोर नदीकाठचे एक घर होते. त्या बाईंचे घर मी पाहिलेले नाही. वाचकाने आपले आयुष्य आणून पुस्तकात भरले आणि पुस्तक मोठे झाले, असेच मला म्हणावे लागते, कारण माझ्या लिहिण्यात तेवढे नव्हते.

मी हे विनयाने लिहीत नाही. अशी पत्रे वाचून वाचून मला लेखनकलेविषयी एक निश्चित गोष्ट कळली. पुराचे प्रकरण त्याच्या जागी आवश्यक आहे. ते खरे वाटले नसते तर वाचकाने पुढच्या पानांवर विश्वास ठेवला नसता. पण जिथे मी सगळे काही सांगून टाकले, तिथे वाचक समाधानाने पुढे जातो, आणि जिथे मी एक कृती दाखवून थांबले, तिथे तो रेंगाळतो आणि स्वतःचे काहीतरी ठेवून जातो. हे तत्त्व मी पूर्वीही पुस्तकांतून वाचलेले होते. माझ्याच पानावर, माझ्या ओळखीच्या नसलेल्या माणसांकडून ते सिद्ध होताना पाहणे ही वेगळी शिकवण आहे, आणि प्रशंसा लेखकाला बिघडवते असे म्हणणाऱ्यांनी प्रशंसेच्या या बाजूचाही विचार करावा असे मला वाटते. ‘फार आवडली’ या शब्दांनी मन सुखावते आणि त्या सुखाची लेखकाला नितांत गरज असते. नेमकी प्रशंसा मात्र लेखकाच्या हाताला वळण लावते.

शेवट अजिबात न पटलेल्या एका वाचकाचे पत्रही माझ्याजवळ आहे. नावाड्याने नाव विकायला नको होती, असे त्यांचे ठाम मत आहे, आणि ते त्यांनी इतक्या पोटतिडकीने मांडले आहे की ती नाव जणू त्यांच्याच घरासमोर बांधलेली असावी. पत्राच्या अखेरीस त्यांनी कळवले की आपल्या भावंडांना वाचायला देण्यासाठी त्यांनी आणखी प्रती मागवल्या आहेत, म्हणजे या विषयावर घरात नीट वाद घालता येईल. हे पत्रही मी प्रशंसेच्या पत्रांबरोबरच ठेवले आहे, कारण ते तिथलेच आहे.

या पत्रांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न स्वतंत्र लेखकापुढे फार लवकर उभा राहतो. त्याच्यामागे जाहिरात करणारा विभाग नसतो आणि वाचकाचा एक चांगला शब्द शंभर जाहिरातींचे काम करतो. या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचे आहे. त्याने १८५५ साली आपला कवितासंग्रह स्वतः काढला, त्याच्या छपाईचे काही अक्षरखिळे स्वतःच्या हाताने जुळवले आणि ७९५ प्रती छापल्या. एक प्रत त्याने तेव्हाचा ख्यातनाम अमेरिकन लेखक-विचारवंत इमर्सन याला पाठवली. इमर्सनने २१ जुलैला उत्तर लिहिले आणि एका मोठ्या कारकिर्दीच्या प्रारंभी मी तुमचे स्वागत करतो, अशा शब्दांत त्या अपरिचित कवीला गौरवले. व्हिटमनने ते खासगी पत्र ऑक्टोबरमध्ये इमर्सनची परवानगी न घेताच एका वृत्तपत्रात छापू दिले, आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पाठीवर ते वाक्य इमर्सनच्या नावासह सोनेरी अक्षरांत उमटवले. अनेकांना ते खटकले, आणि मलाही ते योग्य वाटत नाही. तरीही ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसाच्या हातात ते पत्र पडले तेव्हा त्याला काय वाटले असेल, हे मी आता पूर्वीपेक्षा नीट समजू शकते. इतका मोठा आनंद एकट्याने बाळगणे कठीण असते. माझा नियम साधा आहे: पत्रातले एकही वाक्य लिहिणाऱ्याला विचारल्यावाचून कुठे वापरायचे नाही, आणि होकार मिळाला तरी त्याच्या आयुष्याचा तपशील वगळायचा. वर ज्यांचा उल्लेख केला त्या सगळ्यांनी तो आनंदाने करू दिला आहे. अभियंत्यांनी तर होकार देताना आणखी एका पुलाची हकीकत कळवली.

या यशात ज्यांचा वाटा आहे त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हे लिहिणे पुरे होणार नाही. स्वतंत्र लेखक एकटा असतो, हा समज चुकीचा आहे. प्रकाशनसंस्था जी माणसे नेमते तीच माणसे त्याला स्वतः शोधावी लागतात, त्यांचा मोबदला विक्री सुरू होण्याच्या आधी द्यावा लागतो, आणि त्यांचे ऐकायचे की नाही हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार आपला असताना त्यांचे ऐकावे लागते. माझ्या संपादिकेने संहितेतली दोन संपूर्ण प्रकरणे काढायला सांगितली, आणि आज ती प्रकरणे तिथे असती तर नाणी मोजण्याचा प्रसंग झाकला गेला असता यात मला शंका नाही. मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराने पूल काढायचा नाही असा हट्ट धरला आणि फक्त दगडाला बांधलेला दोर काढला. पुस्तक प्रथम त्या दोरामुळे हातात घेतले, असे कित्येकांनी कळवले आहे. मुद्रितशोधन करणाऱ्या गृहस्थांचे काम असे आहे की ते उत्तम झाले तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. एका शिक्षिकेने मुद्दाम लिहिले की संपूर्ण पुस्तकात वाचन अडेल असे एकही ठिकाण आढळले नाही आणि शुद्धलेखन पाहणाऱ्याला आमचा नमस्कार सांगा. मी तो नमस्कार दूरध्वनीवरून त्याच दिवशी पोचवला. इतक्या वर्षांच्या कामात वाचकाकडून आलेला हा पहिलाच निरोप आहे, असे ते म्हणाले, आणि पत्रातले ते वाक्य त्यांनी मला पुन्हा एकदा वाचायला लावले.

आकडा चार अंकी झाला त्या संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र आलो, काही जण प्रत्यक्ष आणि काही जण पडद्यावर, आणि मी परवानगी मिळालेली पत्रे मोठ्याने वाचली. भाषणे झाली नाहीत. संपादिका मध्येच थांबवून एखादे वाक्य पुन्हा वाचायला सांगत होती आणि चित्रकार ते टिपून घेत होता. माझ्या पुस्तकाचा जन्म इतक्या लोकांच्या हातून झाला आहे हे मला ठाऊक होते. ते सारे हात एकाच वेळी एकाच ठिकाणी मी प्रथमच पाहिले.

पत्रांमध्ये एक मागणी वारंवार येते. नावाड्याच्या धाकट्या मुलीचे पुढे काय झाले, तिची गोष्ट लिहा, असे पुष्कळांना वाटते. विक्रीच्या दृष्टीने पाहिले तर हा सल्ला उत्तम आहे, कारण एका पुस्तकाचा वाचक दुसऱ्यापर्यंत सहज येतो आणि मालिका लिहिणाऱ्या स्वतंत्र लेखकांचा जम याच मार्गाने बसतो. त्या मार्गाविषयी मला पूर्ण आदर आहे. पण त्या मुलीला मी शेवटच्या पानावर पुलाच्या मध्यावर उभे केले आहे आणि ती कोणत्या काठाकडे वळते हे मला माहीत नाही. वाचकांनी आपापल्या पत्रांत तिला दोन्ही काठांना नेलेले आहे आणि त्या सगळ्या वाटा मला खऱ्या वाटतात. त्यांतली एक वाट छापून बाकीच्या पुसण्याची माझी इच्छा नाही. नवी कादंबरी वेगळ्या माणसांची आहे, एका बंद पडलेल्या छापखान्यातल्या अक्षरजुळणी करणाऱ्यांची. या कादंबरीच्या विक्रीतून आलेल्या रकमेतून तिच्या संपादनाचा आणि मुखपृष्ठाचा खर्च मी आधीच वेगळा काढला आहे, आणि पहिली तीन प्रकरणे संपादिकेकडे गेली आहेत. मुलीविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळवते, आणि ती कुठे गेली असे तुम्हाला वाटते ते मात्र मला जरूर लिहा, असे पत्राच्या शेवटी विनवते.